बर्फ सरळ की तिरपा

टँगेनसाहेबांना जाऊन तीन आठवडे झाले,
अजून मला पहाटे साडेचारला जाग येते.
अंगणातल्या दिव्याखाली बर्फ सरळ पडतोय की तिरपा
एवढं बघते आणि पुन्हा पांघरुणात शिरते.
तिरपा असला की ते निघालेले असत.

पद केवढं! शाळांचे अधीक्षक.
गाव एवढंसं: धान्याचं एक उंच कोठार, दोन चर्च,
एक सिग्नल, तोही नुसता पिवळा डोळा मिचकावणारा.
शाळा तर एकच, एकशे बेचाळीस मुलांची,
आणि कचेरीत एक टाइपरायटर, माझा.

एकवीस वर्षं मी त्यांची पत्रं टाइप केली,
राज्याला, बोर्डाला, बॉयलरच्या कंपनीला.
रागाचं पत्र त्यांना लिहिताच येत नसे.
दुसऱ्या परिच्छेदात ते समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करत.
ती मी गुपचूप गाळायची.

परवा चर्चच्या तळघरात, हॅमचं सँडविच खाता खाता,
जो तो सांगत होता: आगीच्या बंबावर ते पहिले,
बसचा ड्रायव्हर आजारी पडला की टाय खिशात कोंबून
तेच चाकावर, पाण्याची टाकी त्यांनीच आणली.
टाकी मार्गिटने आणली.
ते फक्त दारोदार सह्या मागत फिरले, थंडीत, हातमोजे विसरून.

मला मात्र तो जानेवारी आठवतो.
पाच वाजता रेडिओवाल्याचा फोन. ते म्हणाले, शाळा भरेल.
खिडकीतून पाहून म्हणाले.
फक्त खिडकीतून.
चार नंबरची बस उत्तरेच्या रस्त्याकडेच्या चरात गेली.
अकरा मुलं, पाच तास, दोन ब्लँकेटं.
गेलन ब्रेकीच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

कुणी त्यांना बोल लावला नाही. तेच वाईट झालं.
गेलनच्या आईने घरी बोलावून सफरचंदाची पाई वाढली.
त्यांनी ती संपवली, आभार मानले,
आणि बाहेर गाडीत अर्धा तास बसून राहिले
इंजिन न लावता.
तिने पडद्याआडून पाहिलं, मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही.

तेव्हापासून खिडकीवर विश्वास नाही.
साडेचारला गाडी, चाळीस मैल कच्चे रस्ते,
वळणावळणाला उतरून बुटाच्या टाचेने बर्फ दाबून बघायचा.
मग फोन, आधी मला, मग रेडिओला.
"आहे, इंगर." किंवा, "नाही, इंगर."
माझा नवरा कूस बदलून म्हणायचा, काय हा माणूस!
मी काहीच म्हणायची नाही.

शेवटी मुलं साठ उरली.
शेजारच्या गावात शाळा मिळवून टाकावी, हा ठराव
त्यांनीच लिहिला. टाइप मी केला.
तीनदा चुकले, त्यातलं दोनदा मुद्दाम.
गाव वर्षभर त्यांच्याशी बोललं नाही.
कॅफेत त्यांच्या टेबलाच्या तीन खुर्च्या रिकाम्या.
ते यायचे, कॉफी प्यायचे, टिप ठेवायचे,
आणि वाटेत ज्यांनी तोंड फिरवलं
त्यांच्याच पायऱ्यांवरचा बर्फ काढून घरी जायचे.
हे चांगुलपण होतं की हट्ट, मला अजून कळत नाही.

तिकडचा नवा अधीक्षक मोबाइलवर हवामान बघतो.
त्याने यांना कधी विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही.
तरी गाडी निघायची.
मला फोनही यायचा.

दफनाच्या दिवशी उत्तरेचा रस्ता गेलनने मोकळा केला.
काउंटीचा नांगर आता तोच चालवतो.
आमच्या गाड्या मागे थांबलेल्या. तो थोडा लंगडत उतरला,
टाचेने बर्फ दाबला, एकदा, पुन्हा एकदा,
मग हात हलवून म्हणाला, या.

आज तिरपा पडतोय.
"नाही, इंगर," मी मोठ्याने म्हणते
आणि कॉफीचं पाणी ठेवते.